नवशिक्यांसाठी सोपी आवृत्ती

४ फेब्रुवारी

मायन्यातच तीन कागद फुकट गेले. ‘चि.’ लिहिलं, खोडलं. ‘सूनबाई’ लिहिलं, तेही खोडलं. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, जगाच्या चुका लाल शाईने काढल्या, आणि स्वतःच्या पत्राला मायना सापडेना. म्हणून बिनमायन्याचंच लिहिते.

पत्ता तुझ्या मावशीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस. दोनदा तिने फोन ठेवून दिला, तिसऱ्यांदा माझी दया आली असावी.

काम संगणकाचं आहे. तुमचा तो जुना संगणक अजून खिडकीजवळच्या टेबलावरच आहे. कारखान्याने चिरंजिवांना लॅपटॉप दिल्यापासून त्याच्यावर चादर होती. मी ती काढली. उजवा डोळा आता नावालाच राहिलाय. छापील अक्षर मुंग्यांसारखं पळतं, पण पडद्यावर हवं तेवढं मोठं करता येतं. शिवाय वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी जुन्या पुस्तकांची यादी टाइप करायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. पण हा बाबा सुरूच होत नाही धड. बटण दाबून मी आंघोळ करून येते, तरी पडद्यावर ते वर्तुळ गरगरतंच असतं. आणि सुरू झाला की सांगतो, या यंत्रावर नवी आवृत्ती चालणार नाही. कोपऱ्यावरचा संगणकदुरुस्तीचा दुकानदार म्हणाला, “भंगारात द्या, आजी.” मी म्हटलं, “त्याच टेम्पोत मलाही घाला मग.”

ग्रंथपालबाई म्हणाल्या, संगणक चालवणारी व्यवस्थाच बदला, लिनक्स टाका, जुन्या मशीनवर पळतं. त्यांनी एका मासिकातला लेख काढून दिला, ‘नवशिक्यांसाठी कोणतं लिनक्स?’ मला वाटत होतं लिनक्स म्हणजे एकच काहीतरी असतं. इथे तर अख्खं गोत निघालं. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आणखी पाच. कुणी दिसायला छान, कुणी स्वभावाने शांत, कुणी फक्त जाणकारांशीच बोलणारं. प्रत्येकापुढे चांदण्या. पण लेखात ‘नवशिके’ हा शब्द चार ठिकाणी चार तऱ्हांनी छापलाय, त्यामुळे लेखकावर विश्वास बसेना.

तुला यातलं कळतं. म्हणून विचारते. मेमरी चार जीबी आहे, मी स्वतः पाहिलंय. वापरणारी अडुसष्ट वर्षांची, एका डोळ्याची, हट्टी. कोणतं घेऊ? एका ओळीचं उत्तर पुरे.

तो बरा आहे. पुन्हा लग्न केलं नाही. हे तू विचारलं नव्हतंस, मला माहीत आहे.

— तुझ्या आधीच्या घरातून


२१ फेब्रुवारी

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण पोस्टमनची सायकल वाजली की मी दार उघडून बघत होते. शेजारच्या बाई विचारायला लागल्या, पेन्शनचं काही अडलंय का म्हणून.

शेवटी ग्रंथपालबाईंनीच मिंट एका पेनड्राइव्हवर घालून आणून दिलं. म्हणाल्या, “हे नुसतं लावून चालवता येतं. डिस्कला हात लागत नाही. आवडलं तर ठेवा, नाही आवडलं तर काढून घ्या. मागे काही खूण राहत नाही.” असं काही जगात असतं हे मला माहीतच नव्हतं.

लावलं. भाषा विचारली. खाली खाली सरकत गेले आणि यादीत ‘मराठी’ दिसलं. दाबलं. सगळं नाही, पण बरंच मराठीत आलं. जतन करा. रद्द करा. शोधा. मी खुर्चीत मागे टेकले. यातले कोणते तुझे, कोणते तुझ्यासारख्या आणखी कुणी फावल्या वेळात बसून लिहिलेले, मला कसं कळणार? पण तू संध्याकाळी त्याच टेबलाशी बसून असले शब्द जुळवायचीस, आणि मी भाजी निवडता निवडता म्हणायचे, “पगार नाही, पाणी नाही, कसले हे फुकटचे उद्योग?”

एकदा तू विचारलं होतंस, “आई, फोल्डरला काय म्हणू? आमच्या यादीत ‘संचयिका’ आहे.”

मी हसले. “संचयिका! कुणाच्या तोंडात बसणार तो शब्द?”

“मग तुम्ही सांगा ना दुसरा.”

मी ताटं उचलून आत गेले. तुला वाटलं असेल मला सुचला नाही. मला तिथल्या तिथे सुचला होता. कप्पा. साधा, दोन अक्षरांचा, शाळेत न गेलेल्या माणसालाही कळेल असा. शब्द द्यायला काय लागतं गं? जीभ तेवढी हलवायची. नाही दिला.

संगणकाचं कारण खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं लिहिते.

तू तुझ्या आईच्या आजारपणात बारा दिवस हॉस्पिटलात होतीस तेव्हाचं. परत आलीस, संगणक लावलास, तर त्याच्यावर फक्त चिरंजिवांची नकाशे काढायची जुनी व्यवस्था होती आणि तुझं लिनक्स सगळंच्या सगळं पुसलेलं. मी म्हणाले होते, मी वाचनालयात गेले होते, मला काही माहीत नाही. मी वाचनालयात नव्हते. घरीच होते. दुकानदाराला मीच बोलावलं होतं.

रोजची भांडणं ऐकून कान किटले होते. एकच यंत्र, त्याच्यावर दोघांच्या दोन व्यवस्था. त्याला कारखान्याचे नकाशे काढायचे, ते तुझ्या लिनक्सवर उघडायचे नाहीत. तू काहीतरी अद्ययावत केलंस आणि दुसऱ्या दिवशी त्याची बाजू सुरूच होईना. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. त्या संध्याकाळी तो ओरडला, “एक दिवस फेकून देईन तुझं ते लिनक्स!” मला वाटलं, एकच काहीतरी राहिलं की घरात शांतता होईल. व्यवस्था नव्याने टाकायला दुकानदाराने रिकामा पेनड्राइव्ह मागितला, त्याचा दुकानात राहिला होता. मी ड्रॉवरमध्ये होता तो काढून दिला, आणि त्याने तो पुसून वापरला. मला वाटलं तो रिकामाच आहे. त्याच्यावर तू लिहीत होतीस त्या पुस्तकाची दुसरी प्रत असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

एवढं सांगायचं होतं. आता छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

— आई (तू म्हणायचीस म्हणून)


३ मार्च

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. दहा दिवस झाले, ते मला मुद्रितातल्या चुकीसारखं दिसतंय. पत्र तर गेलं. आता शुद्धिपत्र जोडण्यावाचून इलाज नाही.

दुकानदार आला तेव्हा काय झालं, ते जसंच्या तसं सांगते.

तो म्हणाला, “दोन्ही ठेवू की एकच?”

“एकच.”

“या दुसऱ्या भागात बरंच काही दिसतंय, बाई. कुठे उतरवून ठेवू का?”

“काही नाही त्यात. नुसते शब्द आहेत.”

मग त्याने पेनड्राइव्ह मागितला. मी ड्रॉवर उघडला. तो निळा पेनड्राइव्ह समोरच होता. त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी होती, आणि तिच्यावर तुझ्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात ‘पुस्तक’ लिहिलेलं होतं. माझ्या नजरेतून तेव्हा कागदावरचा अनुस्वार सुटत नव्हता. ‘पुस्तक’ सुटेल?

तो म्हणाला, “यात काही नाही ना?”

मी म्हटलं, “रिकामा आहे.” आणि देण्याआधी पट्टी नखाने सोलून काढली.

शांततेसाठी केलं, हे मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले. शांततेसाठी केलं असतं तर पट्टी कशाला काढली असती?

खरं कारण सांगते. वाचून तुला हसू येईल किंवा किळस येईल. तुझ्या पुस्तकाचं पहिलं पान तू मला छापून दाखवलं होतंस, आठवतं? ‘संगणकाची भीती वाटणाऱ्यांसाठी’, आणि खाली तुझं नाव. दोन वर्षं खपून लिहिलंस ते. कुठलं बटण दाबल्यावर काय होतं, काय केल्याने काही बिघडत नाही, नवख्या माणसाने यातलं कोणतं लिनक्स घ्यावं, कुणाला कोणतं झेपेल. ज्यांच्यासाठी तू ते शब्द जुळवायचीस त्या लोकांनी तुला कळवलं होतं, पूर्ण झालं की आम्ही सगळ्यांसाठी खुलं ठेवू. तू इतकी खूश होतीस की चहा उतू गेला तरी तुला पत्ता नव्हता.

माझ्या हाताखालून चारशेच्या वर पुस्तकं गेली असतील. एकातही माझं नाव नाही. मुद्रितशोधकाचं नाव निघतं ते चूक राहिली तरच. आणि माझ्या घरात, माझ्या टेबलाशी, काल आलेली मुलगी पहिल्या पानावर नाव घालून बसली होती.

सगळ्यात वाईट हे की तू म्हणाली होतीस, “आई, तुम्ही तपासून द्याल का? तुमच्याइतकं शुद्ध मला कधीच जमणार नाही. तुमचंही नाव घालू, इथे, माझ्या खाली.”

मी म्हटलं होतं, “फुकटच्या कामाला माझं नाव नको.”

पुढचं तुला माहीतच आहे. तू त्याला तीनदा विचारलंस. पहिल्यांदा तो म्हणाला, मी नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, देवाशपथ मी नाही. तिसऱ्यांदा तू रडत म्हणालीस, “तूच म्हणाला होतास फेकून देईन म्हणून,” आणि त्याचा तोल सुटला. “हो, मीच केलं! काय करणार आहेस?” मी स्वयंपाकघरात होते. नळ चालू होता. मी नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. बोलायला तोंड उघडलं नाही.

नंतर चार महिने तुम्ही दोघं एका घरात परक्यासारखी वावरलात. मग तू गेलीस. संसार काही एका पेनड्राइव्हवरून मोडत नाही, आधीच कुठेतरी तडा असतो, असं मी नातेवाइकांना सांगत फिरले. तडा असेलही. कुणाच्या संसारात नसतो? पण घाव मी घातला आणि हातोडा त्याच्या हातात दिला.

त्याला अजून माहीत नाही. हे पत्र टाकून आले की सांगणार आहे. आधी पत्र टाकते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मी स्वतःला चांगली ओळखते.


१२ मार्च

सांगितलं.

रविवारची सकाळ होती. तो खिडकीत बसून बूट पुसत होता. मी समोर स्टूल ओढून बसले. त्याने वर न बघताच विचारलं, “डोळ्याचं काय म्हणाले डॉक्टर?”

“डोळ्याचं नाही. तिच्या पुस्तकाचं.”

त्याचा हात थांबला. सहा वर्षांत या घरात ‘ती’ हा शब्द तुझ्यासाठी कुणी वापरला नव्हता. मी सगळं सांगितलं. पट्टीसुद्धा. मी रडले नाही, ठरवलंच होतं. मी रडले असते तर त्याला उठून मला पाणी द्यावं लागलं असतं, तो तसा आहे.

त्याने विचारलं, “पट्टी काढलीस?”

“हो.”

“मला कधी कधी वाटायचं, मीच केलं असेल. रागाच्या भरात केलं आणि विसरलो. इतक्या वेळा ते ‘हो’ आठवलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं.” मग म्हणाला, “तू स्वयंपाकघरात होतीस ना तेव्हा?”

“होते.”

“ऐकलंस?”

“सगळं.”

त्याचा एक बूट पुसून झाला होता, दुसरा तसाच धुळीचा घातला आणि बाहेर गेला. दुपारी आला, चार कपडे पिशवीत भरले. दारात म्हणाला, “कारखान्याजवळ एकाची खोली आहे. राहीन तिथे काही दिवस. औषधं आणून ठेवलीत, फ्रिजवर आहेत.” शिवी दिली असती तरी चाललं असतं. औषधांचं नको होतं बोलायला.

तुला हे लिहितेय ते तुझ्या मनात त्याच्याबद्दल काही यावं म्हणून नाही. तो ओरडायचा हे खरंच आहे. तुझ्या कामाला तोही ‘टाइमपास’ म्हणायचा. पण जे त्याने केलं नाही ते त्याच्या नावावर राहू नये, एवढंच. माझ्या धंद्यात याला साधी दुरुस्ती म्हणतात. सहा वर्षांपूर्वी केली असती तर साधी झाली असती.

संगणक अजून तसाच आहे. पेनड्राइव्ह लावते, मिंट चालवते, यादी टाइप करते, वाचनालयाच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवते, बंद करते. डिस्कवर कायमचं टाकायचा धीर होत नाही. पडद्यावर विचारतो, ‘डिस्क पुसून प्रतिष्ठापित करायचे आहे का?’ आणि मी दरवेळी मागे येते. या डिस्कवर पुसण्यासारखं आता काहीही नाही, हे ठाऊक असून.


९ एप्रिल

तुझं पत्र आलं. शनिवारी, दुपारच्या टपालाने. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि ते टेबलावर ठेवून मी आधी सगळी भांडी घासली.

एक पान संगणकाचं आणि दुसऱ्या पानावर सात ओळी. पहिलं पान तू अगदी तुझ्या पद्धतीने लिहिलंयस. मिंटच ठेवा, पण त्यातली हलकी आवृत्ती घ्या. उबुंटू चांगलं आहे पण चार जीबीत धापा टाकेल. बाकीची नावं विसरून जा, नवशिक्याने चांदण्या मोजू नयेत, एक घ्यावं आणि सहा महिने त्याच्याशी राहावं. आधी आवाज, प्रिंटर, मराठी कळफलक चालतोय का पाहा. अक्षर मोठं करायची जागा कुठे आहे ते तू आकृती काढून दाखवलंयस. आणि टाकण्याआधी जे ठेवायचं असेल त्याची प्रत दुसरीकडे काढा, ती नीट उघडते का ते तपासा, आणि मगच पुढे जा. या ओळीखाली तू रेघ ओढली नाहीस. मी असते तर ओढली असती.

सोमवारी टाकलं. अर्ध्या तासात झालं. ‘पुसायचे आहे का’ आल्यावर बराच वेळ बसून राहिले, मग हो म्हटलं. आता बटण दाबल्यावर दात घासून होईपर्यंत तयार असतो. अक्षर चांगलं बोटभर मोठं दिसतं.

त्या सात ओळींचं. तू लिहिलंयस की पुस्तक पुन्हा लिहायचा तीनदा प्रयत्न केलास, तिन्ही वेळा पहिल्या प्रकरणात थांबलीस. मग ते लोकही दुसऱ्या कामाला लागले. आता तू ते शब्दांचं काम करत नाहीस. माझ्या मनात होतं, तू म्हणशील की लिहितेय, आणि मी म्हणेन, मुद्रितं मला पाठव. त्यासाठी भिंग घेऊन ठेवलं होतं. वेडी आशा.

आणि तू लिहिलंयस, ‘हे मला तेव्हा हवं होतं. आता याचं काय करायचं ते मला कळत नाही. पुन्हा पत्र लिहू नका.’ यात एकही शब्द कमी-जास्त करण्यासारखा नाही. पटलं. तरी हे एक लिहितेय, कारण पत्र मिळाल्याचं कळवलं नाही तर तुला वाटत राहील, पोचलं की नाही. यानंतर नाही.

काल संध्याकाळी तो आला होता. उन्हाळ्याचे कपडे न्यायला आलो म्हणाला. बसला नाही. संगणक चालू होता, त्याच्याकडे बघून म्हणाला, “लिनक्स कुणी टाकलं?”

“मीच टाकलं. तिने लिहून पाठवलं होतं, तसं.”

त्याने पाकीट पाहिलं. हात लावला नाही. शर्ट पिशवीत भरत राहिला, एकच शर्ट दोनदा घडी घालून. मग पाठमोराच म्हणाला, “माझ्याबद्दल काही लिहिलंय?”

‘कसा आहे विचारलंय,’ एवढं म्हटलं असतं तर तो त्या रात्री खोलीवर न जाता इथेच राहिला असता, मला पक्कं माहीत आहे. जिभेच्या टोकावर होतं. असली वाक्यं मला फार लवकर सुचतात.

मी म्हटलं, “नाही.”

त्याने मान हलवली. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, “बघू?” मी दोन्ही कागद दिले. खिडकीशी उभं राहून त्याने वाचले, संगणकाचं पानसुद्धा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग दुसरा कागद उलटा केला आणि मागची कोरी बाजूही पाहिली.